ताईचा हातगुण

ताई,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. राग आला की अबोला धरायची माझी सवय तुला ठाऊक आहे, पण गेलेल्या माणसाशी अबोला धरून काय मिळणार? म्हणून लिहितेय. परवा अक्षय्य तृतीया आहे. भोपळ्याच्या आळ्यांत पहिलं बी टाकायला गावातल्या बायकांनी मला बोलावलंय, तुझ्या जागी. त्याआधी आपल्या दोघींत बोलणं व्हायला हवं.

श्रावणात तू गेलीस आणि दिवाळीनंतर मी बोईसरची कंपनी सोडून उमरोळीला वाडीवर राहायला आले. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. पण दवाखान्यात तूच म्हणाली होतीस ना, "वाडीला काही करावं लागत नाही सुमे, बी टाक, पाणी दे, बाकीचं मधमाश्या बघतात"? तो शब्द धरून मी आले. बी तुझंच होतं, विहीरही तीच.

वेल काय फोफावला म्हणून सांगू. फेब्रुवारीत अख्खी वाडी पिवळी झाली. पण फुलाखालची कोवळी गाठ बोराएवढी व्हायची, पिवळी पडायची आणि गळायची. रोज सकाळी मी ओंजळभर गाठी गोळा करायचे. मला वाटलं, झालं, माझा हात लागला, आता ताईची वाडीपण गेली.

असं का वाटलं, हे तुला वेगळं सांगायला हवं का? बाबा गेले त्या वर्षी आपण वाडी अर्धी अर्धी वाटून घेतली होती. माझ्या अर्ध्यात दोन वर्षं एक भोपळा धरला नाही, आणि तुझ्याकडे ठेवायला जागा नव्हती. तू माझा तळहात हातात घेऊन म्हणालीस, "सगळ्यांना हातगुण नसतो गं. तुझा हात नाही लागत झाडाला. तू आपली कंपनीतच बरी." किती मायेनं म्हणालीस! मी ऐकलं. माझी अर्धी वाडी तुझ्याकडे आली आणि मी शिफ्टची बस धरली.

त्यानंतर मी कधी काही लावलं नाही, ताई. भाड्याच्या खोलीपुढची तुळससुद्धा शेजारणीच्या हातून लावून घेतली. तू दरवर्षी भोपळा पाठवायचीस, आणि मी कंपनीतल्या बायकांना फोडी वाटत सांगायचे, आमच्या ताईच्या हाताला यश आहे. मनात हसत असशील तेव्हा.

मला खरं सांगितलं ते जनाबाईनं. तुझ्याकडे पाणी घालायला डोंगराकडच्या पाड्यावरून यायची, तीच. मार्चमध्ये मला भेटायला आली आणि माझ्या ओंजळीकडे बघत उभी राहिली.

"सगळं गळतंय, जनाबाई."

"गळंल नाय तर काय? तुजी बईन रोज पहाटं फुलाला फूल लावायची. तू लावते का?"

मला काही कळेना. तिनं एक नरफूल तोडलं, पाकळ्या काढून टाकल्या आणि मधला पिवळा दांडा गाठीवरच्या फुलात हलकेच फिरवला. एवढंच होतं ते.

"माशी आता येळेवर येत नाय," ती म्हणाली. "ऊन लवकर तापतं, फूल लवकर मिटतं. माशी यायच्या आदीच फूल बंद."

"ताई कधीपासून करायची हे?"

"तुमचा बापूस होता तवापासून. मला शपत घातली होती, कुनाला सांगू नको. पन मेल्या मानसाची शपत किती दिवस पाळायची?"

म्हणजे माझा हात हातात घेतलास तेव्हा तुला सगळं माहीत होतं.

मी कृषी खात्याच्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, उष्णता वाढली की वेलाला नरफुलंच जास्त येतात, थंडी आखडली की फुलांचं आणि माश्यांचं वेळापत्रक जुळत नाही, हातानं फुलं लावणारे शेतकरी बरेच आहेत. लाजण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. मग लपवलंस का? फुलांची भजी मागितली की तू वसकन अंगावर यायचीस, ते का, हेही आत्ता कळलं; पहाटेची नरफुलं तुला हवी असायची.

फुलं लावायला लागलीस तेव्हा सुरुवातीची दोन वर्षं तू उन्हं वर येईपर्यंत बांधावर बसून राहायचीस म्हणे. विहिरीजवळच्या जांभळाच्या ढोलीतलं पोळं उठून गेलं होतं, तरी वाट बघायचीस. एकदा रडलीस, असं जनाबाई म्हणाली. ज्या ऋतूंवर बाबांनी आपल्याला विसंबायला शिकवलं, ते तुझ्या डोळ्यांदेखत फिरले आणि तू तिथे एकटी होतीस. पण मी शेजारीच तर होते, नंतरही एकाच स्टेशनाच्या अंतरावर! हाक मारली असतीस तर दोघींनी मिळून लावली असती फुलं. तुला हाक मारायची नव्हती. तुझा मोठेपणा गेला असता ना.

आणि एकट्या मलाच फसवलं असतंस तरी एक वेळ गिळलं असतं. काल वनितावहिनी आमंत्रण द्यायला आली. "आमच्या हाताला काय येत नाय," म्हणाली. "तुमच्या घरान्याचा हात हाय. तुमीच या." बोलता बोलता तिनं आपले हात पदराखाली घेतले. कष्ट करकरून घट्टे पडलेले हात गं, आणि ती ते लपवत होती.

खरं सांगते, मला मोह झाला. जनाबाईनं दाखवल्यापासून मी रोज पहाटे फुलं लावतेय आणि आता वाडीत भोपळे धरलेत. गप्प बसले तर परवापासून हातगुण माझा. इतकी वर्षं कमीपणा घेतल्यावर तो कुणाला नको होईल? तू कशी घसरली असशील, ते मला तेव्हा समजलं. माफ मात्र केलेलं नाही.

तर आता माझा शब्द घे. परवा मी जाईन. वनितावहिनीच्या आळ्यात बी तिचं तीच टाकेल. मग सगळ्यांना आपल्या वाडीत आणून नरफूल कुठलं, मादीफूल कुठलं, ते लावायचं कसं, सगळं दाखवीन. जांभळाकडची एक ओळ हात न लावता सोडलीय, एखादी माशी आलीच तर तिच्यासाठी. ती दरवर्षी सोडीन. तुझी नाचक्की व्हावी म्हणून मी हे करत नाहीये. पण त्या विचारतील, ताईला हे माहीत होतं का? मी हो म्हणणार आहे.

तुझी धाकटी,
सुमन