चौदा बाटल्या

३ मार्च, सोमवार
आजपासून शिस्त. साउथहॅम्प्टनजवळच्या आमच्या फॅक्टरीत व्हिनाइलचं फ्लोअरिंग बनतं. ते मऊ करायला जे प्लास्टिसायझर घालतात, ते कामगारांच्या अंगात किती जातं हे मोजायचं काम सेफ्टी ऑफिसर म्हणून माझ्याकडे. मिक्सिंगवर चौदा माणसं. शिफ्ट संपली की प्रत्येकाने लघवीची एक बाटली भरून द्यायची. शुक्रवारी लॅबला. सोपं आहे.

५ मार्च, बुधवार
बाटल्या आल्या: शून्य. लोक लाजतात. उद्या प्रेझेंटेशन देतो. माझं बोलणं त्यांना पटतं. नीना म्हणाली, पटत नाही रे, ते नुसते गप्प बसतात. बायकोला मॅनेजमेंट कळत नाही.

६ मार्च
बावीस स्लाइड्स. कोणी काही विचारलं नाही, म्हणजे सगळं समजलं. फक्त शशीकाकांनी विचारलं, रीडिंग जास्त आलं तर त्या माणसाचं काय करणार? काका मूळचे कराडचे, मिक्सिंगवर सगळ्यांत जुने. मी म्हटलं, कंपनी योग्य तो निर्णय घेईल. त्यांनी मान हलवली. समाधान झालं असावं.

१० मार्च, सोमवार
शुक्रवार गेला. अजून शून्य. पाठ धरली आहे. पोस्टर लावणार होतो, प्रिंटर बंद. उद्या नक्की.

१२ मार्च
पोस्टर लावलं. थोडं वाकडं.

१३ मार्च
सकाळी ७.४० ला टेबलावर चौदाच्या चौदा बाटल्या! नावं लिहून, ओळीत मांडलेल्या. विश्वास असा हळूहळू मिळवावा लागतो. बॉसला मेल: हंड्रेड पर्सेंट पार्टिसिपेशन. संध्याकाळी नीनालाही सांगितलं. ती भांडी लावत होती.

२४ मार्च
लॅबच्या बाईंचा फोन. चौदाही रिपोर्ट दशांशापर्यंत सारखे. सगळे नमुने एकाच माणसाचे. मी म्हटलं, टीमवर्क. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तो जो कोणी आहे, त्याचं रीडिंग मर्यादेच्या चौपट आहे.

२५ मार्च
कॅन्टीनमध्ये विचारलं. सगळे डबे आवरून उठले. दुपारी शशीकाका स्वतःच ऑफिसात आले, दार लावून घेतलं.
"माझंच आहे सगळं. पोरं घाबरली होती. कोणाचा व्हिसा, कोणाचं घर. मी जूनमध्ये रिटायर होतोय, मला काढलंत तरी चालेल."
मी त्यांना आकडा सांगितला. ते खुर्चीत बसले.
"चौपट म्हणजे वाईट का रे?"
मी म्हटलं, डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेऊ.
"आणि बाकीच्या तेरा जणांचं किती आहे?"

दोनची शिफ्ट लागायची वेळ झाली. काका उठले, मिक्सिंगकडे गेले. मी त्यांना थांबवलं नाही.