चार खड्ड्यांच्या दाखल्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
ग्रामीण इमारती व साकव विभाग,
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : राजकुमार याकोब पारधे, वय ६१, सेवानिवृत्त शाखा अभियंता, रा. पडेगाव.

विषय : टांझानिया देशातील न्यामबेरे गावी बांधलेल्या मुलींच्या वसतिगृहाच्या पायाचा दाखला खोटा असल्याचे आपल्या शिक्क्यानिशी जाहीर करणेबाबत, आणि तो देणाऱ्या अर्जदारावर गुन्हा दाखल करणेबाबत.

संदर्भ :
१) अर्जदाराचा अर्ज, दि. ३ नोव्हेंबर २०२५.
२) आपले उत्तर, दि. १० नोव्हेंबर : "सदर इमारत या विभागाच्या कार्यक्षेत्रात येत नाही."
३) अर्जदाराचा दुसरा अर्ज, दि. १२ नोव्हेंबर.
४) त्यावर आपल्या कार्यालयाचा शेरा, दि. १९ नोव्हेंबर : "वरीलप्रमाणे."

महोदय,

१. अर्जदाराचा हा तिसरा अर्ज आहे. येत्या रविवारी नव्हे, त्यापुढच्या रविवारी, म्हणजे ७ डिसेंबरला, न्यामबेरे गावात समर्पणाची प्रार्थना होऊन नव्या वसतिगृहात बेचाळीस मुली राहायला जाणार आहेत. त्या इमारतीचा पश्चिमेचा कोपरा खाली बसतो आहे. तिकडचा पावसाळा आत्ता कुठे सुरू झाला आहे आणि तो एप्रिलपर्यंत चालतो. इमारत एप्रिल बघेल असे अर्जदाराला वाटत नाही. पहिल्या दोन अर्जांत अर्जदाराने "काही तांत्रिक त्रुटी राहिल्याचे निदर्शनास आले" असे लिहिले होते. ते दोन्ही अर्ज अर्जदाराची पत्नी रत्नमाला हिने वाचले आणि विचारले, "ह्याच्यात तुम्ही काय केलं ते कुठंय? त्रुटी काय आपोआप चालत आली व्हय?" सबब या अर्जात काय केले ते लिहीत आहे.

२. ऑगस्ट २०२४ मध्ये मराठवाड्यातल्या निरनिराळ्या चर्चमधून अकरा अभियंते आणि वास्तुविशारद सेवेसाठी न्यामबेरेला गेले. सगळे स्वयंसेवक, कोणी रजा टाकून आलेले, कोणी अर्जदारासारखे रिकामे. सात दिवसांत जागा मोजायची, नकाशे काढायचे आणि रविवारच्या उपासनेत ते गावाच्या हाती द्यायचे, अशी या गटाची पद्धत आहे. अर्जदाराला निवृत्त होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. या दोन वर्षांत अर्जदाराला कोणी काही विचारले नव्हते. "साहेब" म्हणणारा काय तो दूधवाला उरला होता. तिकडे उतरल्याबरोबर तिथल्या चर्चचे पाळक एलिया यांनी गळ्यात हार घातला आणि सगळ्या गावासमोर "भारतातले मोठे अभियंता" अशी ओळख करून दिली. अर्जदाराला ते फार आवडले, हे नमूद करणे आवश्यक वाटते.

३. पायाची जबाबदारी अर्जदाराकडे होती. इमारतीच्या चार कोपऱ्यांना चार खड्डे घेऊन खाली काय लागते ते बघायचे होते. शुक्रवारी पूर्वेचा खड्डा घेतला. साडेचार फुटांवर पहार आपटली आणि खणकन वाजली. महोदय, आपणही याच मातीतले अभियंता आहात. वेरूळच्या रस्त्यावर अर्जदार नवा नवा रुजू झाला तेव्हा कडूबा नावाच्या मुकादमाने त्याला पहिली गोष्ट शिकवली ती ही : "साहेब, कागद ऱ्हाऊ द्या. कान लावा. खणखण वाजलं का समजायचं, पाषाण लागला. मग गावच्या गाव बांधा त्याच्यावर." चौतीस वर्षे अर्जदाराने तेच केले. आपल्याकडे एका जागी काळा पाषाण लागला की फर्लांगभर तोच असतो. कडूबाचे काही चुकले नव्हते. त्याने उभ्या जन्मात दुसरी जमीन पाहिलेली नव्हती, आणि अर्जदारानेही.

४. शनिवारी उरलेले तीन खड्डे घ्यायचे होते. शनिवारी गावाने निरोपाचे जेवण ठेवले होते, बकरा कापला होता आणि अर्जदाराचा गुडघा दुखत होता. गटातल्या वास्तुविशारद कु. सोनिया आढाव, ज्यांनी वसतिगृहाचा नकाशा काढला, त्या जेवणाच्या पंगतीत येऊन म्हणाल्या, "सर, बाकीचे तीन खड्डे राहिलेत ना? मी माणसं घेऊन जाऊ का?" त्यावर अर्जदार सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला की, "अगं बाई, तुझ्या वयाएवढी वर्षं पहारीचा आवाज ऐकतोय मी. एकच पाषाण हाय सगळा. जेव तू." लोक हसले. सोनियाताईही हसल्या आणि बसल्या. त्यांचा यात काही दोष नाही.

५. जेवण झाल्यावर अर्जदाराने तपासणीचा तक्ता भरला. पूर्व कोपरा : साडेचार फुटांवर सलग कठीण खडक. उत्तर कोपरा : वरीलप्रमाणे. पश्चिम कोपरा : वरीलप्रमाणे. दक्षिण कोपरा : वरीलप्रमाणे. हा शब्द लिहायला अर्जदाराच्या हाताला विचार करावा लागत नाही. नोकरीत तो किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही, आणि आपल्याकडे तो कधी खोटा ठरला नाही.

६. रविवारी उपासनेत नकाशे आणि तो तक्ता वेदीवर ठेवले. तक्ता इंग्रजीत वाचून दाखवताना अर्जदाराने "वरीलप्रमाणे" च्या जागी तिन्ही वेळा पूर्ण वाक्य म्हटले, कारण ते ऐकायला बरे वाटत होते. पाळकांनी ते तसेच लिहून घेतले. त्यामुळे त्यांच्याकडच्या कागदावर खडक चार वेळा आहे. मग अर्जदाराने पेन्सिलच्या डबीतून आपल्या विभागाचा शिक्का काढला. निवृत्त होताना एक शिक्का कार्यालयात जमा केला होता; हा त्याआधीचा, कड तुटलेला, खुलताबाद शाखेचा. तो जवळ ठेवायला नको होता, परदेशी न्यायला तर मुळीच नको होता. कोणी मागितलाही नव्हता. शिक्का पाळकांच्या त्या कागदावर आपटला तेव्हा सगळ्या चर्चने टाळ्या वाजवल्या. नंतर गावातल्या वडीलधाऱ्यांनी त्या कागदांवर हात ठेवून प्रार्थना केली. तिथली रीत अशी की, ज्या कागदावर असे हात ठेवले जातात त्यातली एक रेघही मग कोणी बदलत नाही.

७. पुढे फेब्रुवारीत पायाचे चर खणताना तिथल्या गवंड्याला पश्चिमेला साडेचार फुटांवर खडक लागला नाही. पिवळट, भुसभुशीत, राखेसारखी माती लागली. तो डोंगर जुन्या ज्वालामुखीचा आहे. पूर्वेला जो वाजला तो राखेत रुतलेला एक मोठा धोंडा होता, एवढेच. गवंड्याने शंका काढली, पाळकांनी त्याला कागद दाखवला, तरी तो ऐकेना म्हणून त्यांनी चराचा फोटो अर्जदाराला पाठवला. अर्जदार तेव्हा गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात पुतणीच्या लग्नाचा बस्ता बघत बसला होता. फोटो मोठा करून बघितला नाही. उत्तरादाखल अंगठा पाठवला. त्या अंगठ्यावर पाया भरला गेला.

८. या महिन्याच्या १ तारखेपासून वसतिगृहाच्या गृहमाता नीमा या दर शनिवारी एक फोटो पाठवतात. पश्चिमेच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग उतरली आहे, तिच्याजवळ त्या रोज वापरायची पेन्सिल धरतात. पहिल्या शनिवारी पेन्सिलचे टोक जेमतेम टेकत होते. दुसऱ्या शनिवारी अर्धी पेन्सिल आत गेली. तिसऱ्या शनिवारी अख्खी बसली. परवाच्या फोटोत पेन्सिल नाही. त्यांनी खाली लिहिले आहे की ती आत पडली, काढता आली नाही. सोबत त्यांनी एक ध्वनिफीतही पाठवली. मुली नव्या इमारतीत समर्पणाच्या गाण्याचा सराव करत आहेत. गाणे फार गोड आहे. गाण्याच्या मागे, कान दिला तर, मध्येच टक् असा आवाज येतो, थोड्या वेळाने पुन्हा टक्. मुलींना वाटते पाल आहे. रत्नमाला भाजी निवडत होती, तिने हात थांबवला आणि विचारले, "हे काय वाजतंय?" अर्जदाराने फीत बंद केली. भिंत पायाला सोडू लागली की गिलावा असा तडकतो. चौतीस वर्षांत अर्जदाराने तो आवाज दोनदा ऐकला आहे, आणि दोन्ही वेळा आत माणसे नव्हती.

९. अर्जदाराने पाळक एलिया यांना फोन करून सगळे सांगितले. ते भले गृहस्थ आहेत, रागावले नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, बंधू, तू थकला आहेस, तुला वयाने शंका येतात. मुली आज जिथे झोपतात ते पत्र्याचे शेड गळते, रात्री साप निघतात. त्यांना आणखी एक पावसाळा तिथे कसे ठेवू? आमच्या जिल्ह्याचा अभियंता म्हणतो, भारत सरकारचा शिक्का असलेल्या कागदावर चार वेळा खडक लिहिला आहे; तो खोटा म्हणायचा तर तसाच शिक्का असलेला दुसरा कागद आणा, मी त्याच दिवशी कुलूप लावतो. फोनवर ऐकून तो कुलूप लावणार नाही. महोदय, त्याचे बरोबरच आहे. अर्जदार त्याच्या जागी असता तर त्यानेही हेच केले असते.

१०. आपल्या कार्यालयातील आवक लिपिक श्री. गोकुळ यांच्याविषयी अर्जदाराची तक्रार नाही. दुसऱ्या अर्जाच्या वेळी त्यांनी चहा पाजला, मग हताशपणे म्हणाले, "पारधे साहेब, तुमचं समदं पटतंय हो. पण तालुका काय टाकू? तालुका टाकल्याबिगर कम्प्युटर म्होरं सरकतच नाय, अन् त्याच्यात नऊच तालुके हायेत. आफ्रिका नाय त्याच्यात." यावर अर्जदाराने बारा दिवस विचार केला. इमारत आपल्या कार्यक्षेत्रात नाही, हे मान्य. परंतु शिक्का आपला आहे. त्यावर "शाखा खुलताबाद" असे कोरलेले आहे. निवृत्तीनंतर शासकीय शिक्का बाळगणे आणि त्याने खोटा दाखला देणे हा गुन्हा आहे, आणि तो शिक्का खुलताबादचा असल्याने तालुका खुलताबाद टाकता येतो. तेवढ्यासाठी हा अर्ज आहे. अर्जदारावर कारवाई सुरू झाली की दाखला रद्द केल्याचे पत्र आपोआपच निघेल, त्यावर आपला शिक्का असेल, आणि त्याचा फोटो अर्जदार तासाभरात न्यामबेरेला पोचवेल. चौकशीला हजर राहण्याची, कबुली देण्याची, जे कलम लागेल त्यावर सही करण्याची अर्जदाराची तयारी आहे. परिणाम अर्जदाराला ठाऊक आहेत. त्यांच्यावर विचार करून झाला आहे.

११. पत्र मिळो अथवा न मिळो, अर्जदार ४ डिसेंबरला निघत आहे. त्या गावात पाहुणा मागेल ती खोली त्याला द्यायची आणि तो आहे तोवर तिथे दुसऱ्याला ठेवायचे नाही, अशी रीत आहे. अर्जदाराने पश्चिमेची खोली मागितली आहे, एप्रिल संपेपर्यंत. पाळक हसले, म्हणाले, त्या खोलीत दहा खाटा आहेत, एवढा जाड कधी झालास? पण त्यांनी शब्द दिला. रत्नमालाला खोली कोणती ते सांगितलेले नाही. आपल्याकडूनही सांगितले जाऊ नये ही विनंती. कोपरा गेला की छपराची कैची, म्हणजे छप्पर पेलणारा सगळा सांगाडा, बाकीच्या खोल्यांवर येईल. म्हणजे अर्जदाराला स्वतःच्या जोरावर दहा मुलींना बाहेर ठेवता येते. बत्तीस उरतात. त्या बत्तीस अर्जदाराच्या हातात नाहीत, महोदय, आपल्या हातात आहेत. ४ तारखेनंतर अर्जदार कारवाईसाठी उपलब्ध असेलच याची हमी देता येत नाही, म्हणून जे करायचे ते त्याआधी व्हावे. आणि या अर्जावर काहीही शेरा मारावा, फक्त मागचा तो मारू नये, एवढी हात जोडून प्रार्थना आहे.

आपल्या विभागाचा एके काळचा सेवक आणि आता आरोपी होऊ इच्छिणारा नम्र अर्जदार,

(सही)
राजकुमार याकोब पारधे
पडेगाव, दि. २४ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) रबरी शिक्का, शाखा खुलताबाद, कड तुटलेला, मूळ. परत नको.
२) दाखल्याची छायाप्रत.
३) भेगेचे फोटो, चार. चौथ्यात पेन्सिल दिसत नाही.
४) चराचा फोटो आणि त्याखाली अर्जदाराने पाठवलेला अंगठा, छापील प्रत.
५) बेचाळीस मुलींची यादी : नाव, वय, खोली, गाव. बेचाळीसही मुली एकाच गावच्या आहेत. तरी गावाच्या रकान्यात बेचाळीस वेळा न्यामबेरे असे हाताने लिहिले आहे.