ओठांना दोन हात

सौ. ताईंना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजेच तुमच्या तोंडच्या 'रंगारीबुवां'चा, दोन्ही हात जोडून नमस्कार. (आमच्या घरात सध्या दोन्ही हात जोडण्याच्या स्थितीत मी एकटाच आहे.) तुमच्या गुडघ्यांचं जिन्याशी जमत असेल, साडूंचा खोकला आटोक्यात असेल आणि तुमच्या पार्लरमधली ती खुर्ची गिऱ्हाईक बसल्या बसल्या खाली जायची थांबली असेल, अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे हिच्या उजव्या हाताचं प्लास्टर अजून तीन आठवडे निघत नाही, एवढं सोडलं तर ठीक आहे.

हात कसा मोडला ते तिने तुम्हाला सांगितलंच असेल, पण आपल्या बाजूने सांगितलं असेल. खरी हकीकत अशी की आमच्याच घराचं छत मी रंगवलं आणि कोपऱ्यात एक ठिपका राहिलाय, असं हिचं म्हणणं पडलं. नाही राहिलेला, असं माझं म्हणणं. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात ही ठिपका दाखवायला माझ्या घोड्यावर चढली. (घोडा म्हणजे आम्हा रंगाऱ्यांची दुहेरी शिडी. शाळेत मोठ्या बाईंनी 'बाई घोड्यावरून पडल्या' एवढंच सांगितलं, तेव्हापासून मुलं हिला घोड्याचा रंग विचारतायत.) ठिपका होता, हेही इथे कबूल करून टाकतो.

आता मुद्द्यावर येतो. तुम्हाला ठाऊकच आहे की हिची शाळा ऐकू न येणाऱ्या मुलांची आहे आणि ती मुलं हिचे ओठ वाचतात. सव्वीस वर्षं ही गडद लिपस्टिक लावते ती नटण्यासाठी नाही. शेवटच्या बाकावरच्या पोरीला फळ्याजवळून बोललेलं कळावं म्हणून लावते. एरवी अर्धं बोलणं हातांच्या खुणांनी व्हायचं. आता एक हात गळ्यात, त्यामुळे सगळा भार ओठांवर आलाय. त्यात पुढच्या शनिवारी ही निवृत्त होतेय. शाळेचा हॉल लांबलचक आहे, जुनी मुलंमुली येणार आहेत आणि ही अर्धा तास बोलणार आहे. 'मागच्या रांगेतल्या एकाचा एक शब्दही हुकला तर त्याला माझा निरोप मिळालाच नाही असं होईल,' हे ती मला तीनदा म्हणाली. एरवी माझ्याशी बोलताना ती एकदाच म्हणते आणि मी ऐकलं नाही तर तो माझा प्रश्न असतो.

तर ही लिपस्टिक रोज सकाळी मी लावतोय. तुम्ही फोनवर सांगितलंत की आधी ओठ घासून गुळगुळीत करून घ्या, मग बेस, मग कडा, मग रंग. मला वाटलं, यात शिकवण्यासारखं काय आहे, हेच तर मी चाळीस वर्षं करतोय. भिंत घासायची, प्रायमर मारायचं, कडा धरायच्या, दोन हात द्यायचे. मी आपला झिरो नंबरचा पॉलिश पेपर घेऊन हजर झालो. हिने त्या कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि न्हाणीघरातून जुना मऊ टूथब्रश आणून माझ्या हातात दिला. (नवा पेपर होता, ताई. वापरलेला आणण्याइतका मी अडाणी नाही.)

पहिल्या दिवशी मी मलम लावलं आणि ते न पुसता त्यावरच रंगाचे तीन हात चढवले. तेलकटावर रंग धरत नाही हे मी शिकाऊ माणसांना ओरडून ओरडून सांगत आलोय, आणि स्वतःच्या घरात विसरलो. तिसऱ्या तासाला पोपडे सुटले. ही कविता शिकवत होती आणि सगळा वर्ग खालच्या ओठावर लोंबणाऱ्या एका पोपड्याकडे टक लावून बसला होता. दुसऱ्या दिवशी मी ओठांभोवती चिकटपट्टी लावली, कारण खिडकीला रंग देताना काच अशीच वाचवतात. रेघ अप्रतिम आली. पण पट्टी काढताना वरच्या ओठावरची लव पट्टीबरोबर गेली आणि हिच्या तोंडून जे शब्द निघाले ते कुठल्याही मुलाला वाचता येऊ नयेत अशीच माझी इच्छा आहे. तिसऱ्या दिवशी पट्टीशिवाय केलं, तर डाव्या कोपऱ्यात माझा हात जरा वर गेला. त्या दिवशी दोन मुलं मारामारी करत होती, ही त्यांना चांगलं खडसावत होती, आणि बाई हसतायत असं समजून ती दोघं हसून पुन्हा भिडली.

हे कमी होतं म्हणून की काय, मी एक मूर्खपणा बोलून बसलो. रंगाच्या दुकानदाराने विचारलं, हल्ली कामावर उशिरा का जाता. मी आपला सरळपणे म्हणालो, रोज सकाळी बायकोचं तोंड रंगवून मग निघतो. त्याने डबा भरता भरता थांबून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, त्याला कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने हिला गळ्यात हात अडकवून रस्त्याने जाताना पाहिलं आणि संध्याकाळी त्याची बायको आमच्या दारात उभी. मला बाहेर घालवून तिने हिला आत नेऊन विचारलं, किती वर्षं सोसतेयस. हिने खुलासा करायला अर्धा तास लावला. (पाच मिनिटांत होण्यासारखा होता. मला आतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं.) आता मी दुकानात गेलो की तो माणूस माझ्या हातांकडे बघतो.

तेव्हापासून मात्र मी शहाणा झालोय. घासून झालं की मलम लावतो, दहा मिनिटांनी टिपून घेतो. मग पेन्सिलीने कड आखतो आणि त्याच पेन्सिलीने आतली जागाही भरून काढतो, म्हणजे वरचा रंग गेला तरी खाली भगदाड दिसत नाही. मग ब्रशने पहिला हात, अगदी पातळ. तो कागदाने टिपायचा, कागदावरूनच किंचित पावडर थापायची, आणि मग दुसरा हात. काल सकाळी लावलेला रंग दुपारचा चहा पिऊनही शाबूत होता. ओठांवर एक रेघ नाही, एक गुठळी नाही. मी उजेडात नेऊन तपासला. आता माझं काम कुणालाही दाखवावं असं झालंय, एवढं सांगून पत्र पुरं करतो. साडूंना नमस्कार.

तुमचा,
रंगारी

ता. क. शनिवारी सकाळी तुम्ही स्वतः याल का? वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण घरातल्या रोजच्यासाठी खरं आहे. छताची कड मी दोरी न धरता ओढतो, पण हिचा चेहरा एवढ्या जवळ आला की माझा हात कापतो. शनिवारी तो कापला तर सव्वीस वर्षांचा शेवट माझ्यामुळे बिघडेल. मला भीती वाटते, ताई.

ता. क. २. हिला कळू देऊ नका. सहज आलात असं दाखवा.

ता. क. ३. ताई, हे माझं अक्षर आहे, डाव्या हाताचं. यांनी हे पत्र कामाच्या शर्टाच्या खिशात ठेवलं आणि शर्ट धुवायला टाकला. पाकीट उघडं होतं. मी चिकटवून परत ठेवतेय, आपणच चिकटवलं असं यांना वाटेल. तू शनिवारी कार्यक्रमाला ये, जेवायला थांब, पण सकाळी लवकर येऊ नकोस. डाव्या हाताने लिपस्टिक मला आठवड्यापासून लावता येते. शाळेत मधल्या सुट्टीनंतर मीच लावते, आणि यांच्यापेक्षा बरी लावते. ते यांना सांगू नकोस. दुसरा हात देताना हे श्वास रोखतात आणि मनातल्या मनात काहीतरी बोलत असतात. आवाज येत नाही, पण ओठ हलतात, आणि ओठ वाचणं हा माझा धंदा आहे. काय म्हणतात ते तुलाही सांगणार नाही. एकतीस वर्षांत मोठ्याने एकदाही म्हणालेले नाहीत.