बावीस पावलांची खूण

प्रिय ठिणगी,

तुझा निरोप येऊन चार दिवस झाले आणि मी उत्तर दिलं नाही, तेव्हा तू मनातल्या मनात माझा उद्धार करत असशीलच. कर. तुझ्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तुला ऑफिसातल्या टेबलावरून उठवून मुलींचा रिलेचा संघ तयार करशील का असं विचारलं, हे वाचून मी खोलीत एकटीनेच टाळ्या पिटल्या. मग पुढचं वाक्य वाचलं. सोमवारी लेखी नकार देणार आहेस म्हणे, कारण तुझ्यासारख्या उतावळीच्या हाती पोरी दिल्या तर त्यांचंही वाटोळं व्हायचं. आणि वर हसणाऱ्या चेहऱ्यांची तीन चित्रं. त्या चित्रांना मी काही फसले नाही. पण काय लिहावं ते सुचेना, तेवढ्यात हे स्पर्धेचं प्रकरण घडलं, आणि आता डोक्याचा असा भुगा झालाय की कुठून सुरुवात करावी तेही कळत नाही. क्रमानेच सांगते, मध्येच घसरले तर सांभाळून घे.

मी इथे चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात लागले ते तुला माहीत आहेच. दिवसभर काच मापाखाली धरायची आणि केसाएवढा फरक दिसला तरी परत पाठवायची. माझ्या शेजारच्या टेबलावर एक म्हातारे कारागीर बसतात. त्यांचं आडनाव माझ्या जिभेला पेलत नाही म्हणून मी त्यांना काका म्हणते, आणि ते बिचारे ओ देतात. जागतिक मैदानी स्पर्धा यंदा याच शहरात होत्या. काकांनी वर्षभर आधी तिकीट काढून ठेवलं आणि नेमका आदल्या दिवशी त्यांचा गुडघा टम्म सुजला. तिकीट माझ्या हातात कोंबून त्यांनी बजावलं की कामावर आलीस की एकेक शर्यत सांगायची. मी हो म्हणून बसले. मैदानाला पाठ फिरवून मला तेवीस वर्षं झाली होती, पण हे काकांना कोण सांगणार.

तिथे माझी जी भंबेरी उडाली ती तू पाहायला हवी होतीस. तिकिटावर दार, मजला, भाग, रांग आणि खुर्ची असे पाच आकडे होते, आणि मी दोनदा दुसऱ्याच कुणाच्या खुर्चीत जाऊन बसले. बरं, बसल्यावर तरी कळावं? इकडे उंच उडी चाललीय, तिकडे भाला, मधूनच बंदुकीचा आवाज आणि कुणीतरी धावत सुटलेलं. माझ्या मागच्या बाई किंचाळल्या की मी दचकून भलतीकडेच बघायचे. एकदा तर मी उभी राहून टाळ्या वाजवल्या आणि मग लक्षात आलं, ते सगळे नुसते अंग मोकळं करत होते. आणि ओरडायचं तरी कुणाच्या नावाने? आपल्या मुली दिसल्या की मी खुर्चीतून अर्धी उठायचे, आणि ज्यांच्या देशात मी भाकरी कमावते त्यांच्या मुली पुढे गेल्या की हात आपोआप वर व्हायचा. शेवटी हात मांडीखाली घेऊन बसले.

मग मुलींची चार बाय शंभर आली. माझी खुर्ची बरोबर दुसऱ्या बदलाजवळ होती, जिथे दुसरी मुलगी तिसरीच्या हाती बॅटन देते तिथे, तुझ्या जागेजवळ. तिसऱ्या टप्प्यात धावणाऱ्या आठही मुली माझ्यासमोर, आणि प्रत्येकजणी आपल्या रेषेपासून मागे टाचेला चवडा लावत पावलं मोजतेय. तसंच गं, अगदी तुझ्यासारखं, ओठ हलवत. मोजून झालं की चिकटपट्टीची खूण. मागून येणारीचा पाय त्या खुणेवर पडला की मागे न बघता सुटायचं, हे मी शेजारच्या माणसाला मोठ्या ऐटीत समजावूनही सांगितलं. आपल्या मुलीने पट्टी चिकटवली आणि सरावाचे बूट काढून खिळ्यांचे बूट घातले. मग थांबली, बुटांकडे बघितलं, चिकटवलेली पट्टी उपटली आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा मोजलं. पंच घड्याळ दाखवत होता, तरी तिने शेवटचं पाऊल मोजल्याशिवाय मान वर केली नाही. नवी पट्टी पहिलीच्या अलीकडे लागली. तेवढ्या अंतराकडे बघता बघता माझ्या पायाखालची जमीन सरकली. शर्यत झाली, अख्खं मैदान उभं राहिलं, आणि मी बसून त्या पट्टीकडे बघत होते. कोण जिंकलं ते मला आजही माहीत नाही.

ठिणगे, विभागीय स्पर्धेचा तो दिवस आठव. तुझी लांब उडीची शेवटची उडी आणि आपली रिले एकाच वेळी आल्या. तू वाळूच्या खड्ड्याकडे धावता धावता मला ओरडून सांगितलंस की माझी खूण तू टाक, बावीस पावलं. मी टाकली. बावीसच मोजली, एकही इकडेतिकडे नाही. पण तू मोजायचीस अनवाणी. आणि माझ्या पायात तेव्हा दादाचे कॅनव्हासचे बूट होते, पुढे चिंध्या कोंबलेले, कारण जमीन तापली होती आणि मी तुझ्यासारखी काटक नव्हते. शर्यतीआधी मी ते काढून बाकाखाली टाकले. आपण दोघी अनवाणीच धावलो, त्यामुळे कुणाला काही दिसायचं कारणच नव्हतं.

परवा जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या गल्लीत मी बूटमोजे काढून बावीस पावलं मोजली. मग काकांचे कामाचे जाड बूट मागून घेतले आणि पुन्हा बावीस मोजली. येणारेजाणारे थांबून बघत होते. काकांनी न विचारता दुखऱ्या गुडघ्याने वाकून मापपट्टी धरली. फरक दीड मीटरहून जास्त आला. म्हणजे खूण दीड मीटर मागे पडली होती, म्हणजे तू तेवढी आधी सुटलीस, म्हणजे मी जीव तोडून धावले तरी बॅटन तुझ्या हातात पडेपर्यंत बदलाच्या हद्दीची रेघ मागे गेली होती. संघ बाद झाला आणि खापर तुझ्या डोक्यावर फुटलं. आपले खेळाचे सर म्हणाले, हिला दम निघत नाही, हिच्यापायी सगळ्यांचं वर्ष गेलं. निवड यादीतून तुझं एकटीचं नाव कापलं आणि माझं ठेवलं. पुढे तुझी आई तुला दूध उतू गेलं तरी उतावळी म्हणायला लागली, आणि आता तूच स्वतःला म्हणतेस. माझ्या बाबतीत म्हणशील तर पुढच्या वर्षी मी पण सोडलं. का सोडलं, तेव्हा मला सांगता आलं नव्हतं. अभ्यास असं काहीतरी सांगितलं होतं.

पत्र टपालाने पोचेपर्यंत सोमवार उलटून जाईल, म्हणून पानांचे फोटो काढून पाठवतेय. अक्षर लागलं नाही तर फोन कर. किंवा नको करूस.

आता खरं का लिहिलं ते. इथपर्यंत वाचून तू म्हणशील, जाऊ दे गं ढब्बू, पोरी होतो, चुकून झालं. मीही दोन दिवस स्वतःची हीच समजूत घातली आणि वरचं सगळं त्याच सुरात लिहिलं. पण एक गोष्ट गाळली. सर तुला सगळ्यांसमोर झापत होते, तू मान खाली घालून उभी होतीस, तेव्हा मी तिथून हळूच निघाले, वळणावर परत गेले आणि ती चुन्याची खूण पायाने पुसली. बाकीच्या शाळांच्या खुणा तशाच होत्या, मी फक्त आपली पुसली. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला काही कळलंच नव्हतं तर मी ती का पुसली? आणि कळलं होतं तर चोवीस वर्षं तुझ्या तोंडाकडे बघून हसले कशी? परवापासून डोकं धरून बसलेय, उत्तर सापडत नाही. खरंच सापडत नाही गं, सोंग करत नाहीये. एवढंच पक्कं सांगते की माझा पाय त्या खुणेवर पडला तेव्हाच तू सुटलीस, आधी नाही. मी धावत होते, मी डोळ्यांनी बघितलंय. सोमवारी नकार द्यायचाच असेल तर वेळ नाही म्हणून दे, पगार वाढवत नाहीत म्हणून दे, पण उतावळी आहे म्हणून देऊ नकोस, कारण ते माझं खोटं आहे आणि तू ते माझ्यासाठी वाहत आलीस. माझ्याशी बोलायचं की नाही ते मात्र सावकाश ठरव.

अजून म्हणवून घ्यायचा हक्क उरला असेल तर, तुझीच,
ढब्बू