बसल्या जागेचं पाणी

गुरुजी, तळ्याला तार लागली. सरळच सांगते, कारण आडवळणानं बोललेलं तुम्हाला कधी खपलं नाही. काठानं सिमेंटचे खांब, खांबांना काटेरी तार, बांधाच्या तोंडाशी फाटक आणि फाटकाला कुलूप. आता तिथे कुणी डबा सोडून बसणार नाही. आणि ही तार घाला, असं भर ग्रामसभेत उभी राहून मीच म्हणाले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी खाली बसताना मागच्या रांगेत तुम्ही आहात की काय, म्हणून मी वळून पाहिलं.

तुमचं वनभोजन मला अजून बट्टीच्या खरपूस वासासकट आठवतं. शाळा एवढीशी, मास्तर तुम्ही एकटेच, हिवाळ्यात एक दिवस फळा सोडून सगळी वरात तळ्यावर. गावाचं पिण्याचं पाणी ते, पुढे तालुक्याच्या नळांनाही तेच, म्हणून तुमचे कायदे कडक. चूल काठापासून लांब, शेताच्या अंगाला. भांडी तळ्यात बुडवायची नाहीत. लोखंडी बादलीनं पाणी काढायचं, लांब न्यायचं, राखेनं घासायचं आणि खरकटं पाणी बोरीच्या बुंध्याशी ओतायचं. पोटात कळ आली तर बांधाच्या पलीकडे, उताराला. आणि निघताना प्रत्येकानं आपण बसलो होतो तिथलंच पाणी तुमच्या उपरण्यातून गाळून ओंजळभर प्यायचं. वर्गात तुम्ही पुस्तकातलं मराठी बोलायचात, तळ्यावर गेलात की अहिराणीत उतरायचात. 'जठे बठनी, तठलं पानी पे, पोरी.' आज मी शुद्ध न केलेलं पाणी कुणाच्या मुलाला पाजणार नाही, आणि तुम्ही असतात तर त्यावरून आपलं चांगलंच वाजलं असतं.

मी चौथीत आहे. बादलीपाशी रांग आहे आणि मला घाई आहे, म्हणून डाळबट्टीची ताटली मी सरळ तळ्यात विसळते. तेलाचा पिवळा तवंग पसरत जातो. तुम्ही पाहता, पण ओरडत नाही. मला तिथेच बसवून ठेवता, आणि निघायच्या वेळी त्याच जागेचं पाणी गाळून माझ्यापुढे धरता. मी तोंड घट्ट मिटून घेते. 'हाई पानी तुन्हा मायना माठमा जास,' एवढंच तुम्ही म्हणता आणि ते स्वतः पिऊन टाकता. मला रडू येतं. घरापर्यंत मी तुमच्यापासून लांब, सगळ्यांच्या मागून चालते. पाठीत दोन धपाटे घातले असतेत तर मी ते कधीच विसरून गेले असते.

निवृत्तीच्या दिवशी तुम्ही ती बादली माझ्या हातात दिलीत. मी नुकतीच मास्तरीण झाले होते, त्याच शाळेत. 'आते तू लई जाय त्यासले,' म्हणालात. मी म्हटलं, नेते मुलांना तळ्यावर. काही वर्षं नेलंही. मग सहलीला बस मिळायला लागली, मुलांना पाण्याच्या घसरगुंड्या हव्या झाल्या, आणि बादली खडूची खोकी ठेवायला कोपऱ्यात गेली. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही, हे आज जास्त लागतं.

आम्ही जायचे थांबलो आणि बाकीचे यायला लागले. आधी काठी गावची होळी पाहायला जाणारे वाटेत थांबायचे, मग दर रविवारी जत्राच. बिर्याणीची पातेली, काठावरच धुतलेली कोंबडी, झुडपात फेकलेली डायपरं, पिशवीसकट पाण्यात सोडलेलं निर्माल्य, माशांना पुण्य म्हणून पावाचे तुकडे. वाईट नव्हती हो ती माणसं. आठवडाभर राबून पोरांना पाणी दाखवायला आणायची. हेच पाणी उद्या आपल्या नळाला येणार आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. एकदा एक जण साबण लावून जीप धूत होता, त्याला मी हटकलं. तो म्हणाला, 'बाई, तळं तुमना बापनं शे का?' मी म्हटलं, हो, आहे. पण आवाज निघाला वर्गातला, आणि त्या आवाजाला मोठी माणसं जुमानत नाहीत. तुम्ही त्याच्या चाकाजवळचं पाणी ओंजळीत घेऊन त्याच्यापुढे धरलं असतं. मी तरातरा घरी निघून आले.

यंदाच्या उन्हाळ्यात पाण्याला हिरवट वास यायला लागला. शाळेच्या नळाशी मुलं नाक धरून उभी राहायची. मग ग्रामसभेला पाणीपुरवठ्याचे साहेब आले, तळ्याला तार घालू म्हणाले. मी अगदी तयारीनं गेले होते. हात-भांडी धुवायला काठापासून लांब ओटा बांधा, म्हटलं, गाड्या बांधाखालीच थांबवा, संडास उभारा, निर्माल्याला कुंड ठेवा, रविवारी आमची सातवीची मुलं उभी राहून लोकांना समजावतील, पण काठ उघडा राहू द्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'बाई, याची जबाबदारी तुम्ही घेता का?' सगळं गाव माझ्याकडे पाहायला लागलं. तेवढाच एक प्रश्न होता, गुरुजी. मी म्हणाले, तार घाला.

पाणी सुधारेल, वासही जाईल, त्याबद्दल मला शंका नाही. पण माझ्या शाळेतल्या मुलांना ते आता फक्त तोटीतून भेटणार. ज्याच्या काठी कधी बसलोच नाही, त्याची फिकीर कोण करतो? तुम्ही हे ओळखून होता, म्हणून तर आम्हाला दरवर्षी तिथे नेऊन बसवायचात. मला ते कळायला हातात फाटकाचं कुलूप धरून पाहावं लागलं.

एवढं लिहून झाल्यावर काल कागदाची घडी केली, बादली रिकामी केली आणि तळ्यावर गेले. जुनी पोथी, देवाचं फाटलेलं चित्र, ज्याचं काय करावं ते सुचत नाही ते आपल्याकडे पाण्यात सोडतात. हेही सोडावं म्हटलं, तुम्हाला पोचेल. फाटकावर राखणदार आहे, तो माझाच विद्यार्थी. 'बाई, तुम्हले कोन अडवी?' म्हणत त्यानं कुलूप काढलं. मी ताटली विसळली होती त्याच जागी जाऊन बसले, कागद हातात घेतला आणि माझं मलाच हसू आलं. तुम्हाला लिहिलेला कागद, आणि तो टाकायचा तळ्यात. परत कमरेला खोचला, आता तो घरीच राहील. मग बादलीनं पाणी काढलं, पदर दुहेरी करून गाळलं आणि ओंजळ तोंडापर्यंत नेली. मला पिववलं नाही, गुरुजी. ओंजळीतलं परत बादलीत सोडलं, बादली उचलून शेताच्या अंगाला गेले आणि ते सगळं पाणी बोरीच्या बुंध्याशी ओतून आले, आपण खरकटं ओतायचो तिथे.