दोन वर्षांचा काढा

शालन,

दार नुसतं ओढून घेतलंय. दवाखान्यात आठ दिवस बाकड्यावर काढलेस, म्हणून उठवलं न्हाय. मी तालमीत चाललोय. माझं रक्त गोठत न्हाय म्हणून ऑपरेशनच्या आधी पोरांनी प्लेटलेट दिल्या, त्यांना बाटलीतला मुतखडा दाखवायला नको व्हय? चालायला डॉक्टरांनी सांगितलंय, उगं फोन करून दंगा करू नको.

आता एक कबूल करतो. काल तू गल्लीभर सांगत हुतीस, "लेसर निमित्ताला, खडा माझ्या काढ्यानंच ढिला झालता." पण गगनबावड्याहून मुळ्या आणून दोन वर्षं रोज सकाळी तू उकळलेला काढा मी एक घोटबी प्यालो न्हाय. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलंतं, लिव्हर एवढं खराब असताना झाडपाला पोटात गेला तर ऑपरेशन विसरा. तू एवढ्या आशेनं वाटी पुढं करायचीस, तुला सांगायला तोंडच उघडंना. तू आत वळलीस की सगळा काढा परसातल्या जास्वंदीच्या बुडात वतायचो.

जाऊन बघ, कशी लगडलीया! त्यातलं सगळ्यात मोठं फूल तुझ्या उशाशी ठेवलंय.

ओरडायचं असंल तर मी आल्यावर पोटभर ओरड. ऐकायला आता मी हाय की.

आणि चहा टाकून ठेव. त्यातला थेंबबी जास्वंदीला मिळणार न्हाय.

बाळासो