व्हिडिओ इथला नव्हता

कोल्हापूर,
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय निशिगंधा,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. एमएला असताना तू माझ्या अक्षराला मुंग्यांची रांग म्हणायचीस, ती रांग अजून तशीच वाकडी चालते. पन्हाळ्यावरची थंडी आता ओसरली असेल. सासूबाईंचा गुडघा कसा आहे? तुझ्या शाळेत दहावीच्या परीक्षेची धांदल असेल, त्यामुळे हे पत्र लगेच वाचून होईल असं मी धरत नाही. सवडीनं वाच.

आम्ही सगळे बरे आहोत. अम्मीचं बीपी तिच्या मर्जीनं वर-खाली होतं. अब्बा अजून पहाटे उठून भट्टीवर जातात. आता बेकरी कामगारांवर सोडा म्हटलं तर ऐकत नाहीत.

फोन का केला नाही, असं तुला वाटेल. फोनवर मी भराभर बोलते आणि सांगायचं तेवढंच राहून जातं. आपल्या एमएच्या ग्रुपमधून मी जानेवारीत बाहेर पडले, तेव्हा फोन भरलाय असं कारण दिलं होतं. ते असू दे. आधी कॉलेजचं सांगते.

यंदा आमच्याकडे पहिल्या वर्षाला चिकित्सक विचार हा नवा विषय आला. कुणीच घ्यायला तयार नव्हतं. मराठीचे तास कमी झाले होते, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. पुस्तक उघडलं तर सगळ्या व्याख्याच. वर्गातली पोरं बाकाखाली फोन घेऊन बसलेली. मग मी म्हटलं, ते फोन वर काढा, आता त्यांच्यावरच शिकू.

पहिल्या तासाला प्रत्येकानं एआयला असा एक प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर त्याला स्वतःला पक्कं माहीत आहे. शिवाजी पेठेतला आदर्श नावाचा मुलगा आहे, तालमीच्या संघातून फुटबॉल खेळतो. त्यानं गेल्या वर्षीच्या फायनलमध्ये गोल कुणी मारला ते विचारलं. त्या यंत्रानं नाव सांगितलं, कितव्या मिनिटाला ते सांगितलं, प्रेक्षकांनी कसा जल्लोष केला तेही सांगितलं. आदर्श उठून म्हणाला, "मॅडम, सगळं खोटं हाय. मी मैदानातच होतो की. गोलच झाला न्हवता, पेनल्टीवर गेलती मॅच." वर्ग पोट धरून हसला. त्या दिवसापासून पोरांना चटक लागली. एआयचं उत्तर घ्यायचं, फोटो शोधायचे, व्हिडिओ थांबवून थांबवून बघायचे आणि प्रत्येक वेळी विचारायचं की हे कुणी सांगितलं, त्याला कसं माहीत, आणि त्याला यातून काय मिळतं. निशा, इतक्या वर्षांत मला शिकवताना एवढी मजा कधी आली नव्हती.

मग जानेवारीत आदर्शनं एक मेसेज आणला. पेठेत सगळ्यांच्या फोनवर फिरतोय, यावर काम करू म्हणाला. मी हो म्हटलं आणि तो भिंतीवरच्या पडद्यावर लावला. एका घाणेरड्या खोलीत दोन माणसं पायानं मैदा तुडवताहेत, असा तो व्हिडिओ. खाली आमच्या बेकरीचं नाव. सोबत आमच्या दुकानाचा फोटो, दारात अब्बांची सायकल. आणि शेवटी एक ओळ.

तो मेसेज मी आदल्या दिवशीच पाहिला होता. वर्गाला मात्र काही बोलले नाही. माझं आडनाव पोरांना ठाऊक आहे, पण बेकरी कुणाची हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. मी नुसतं म्हटलं, चला, बघा काय सापडतं.

पोरांनी व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. मैद्याच्या पोत्यावरची अक्षरं मराठी नव्हती, कानडीही नव्हती. आदर्शनं त्या व्हिडिओतलं एक चित्र वेगळं काढून फोनवर शोधलं, तर तोच व्हिडिओ काही वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यातला म्हणून फिरलेला निघाला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी टेबलाला धरून उभी होते. डोळे भरून येतील की काय, असं वाटायला लागलं.

तेवढ्यात राजनंदिनी उठली. हुपरीची मुलगी, घरी चांदीच्या पैंजणांचं काम चालतं, रोज एसटीनं येते. फार बोलत नाही. ती म्हणाली, "मॅडम, व्हिडिओ इथला नाही एवढंच ठरलं. बेकरी स्वच्छ आहे, हे कुठं ठरलं?"

बरोबर होतं तिचं. मी शिकवलं होतं तेच ती बोलत होती. आणि मला तिचा इतका राग आला की तास संपायला वेळ असताना मी वर्ग सोडून दिला.

पुढच्या तासाला ती तयारी करूनच आली. तिनं एआयला आमच्या बेकरीबद्दल विचारलं होतं. त्यानं लिहिलं होतं की ही बेकरी स्वच्छतेसाठी प्रसिद्ध आहे आणि तिला पुरस्कारही मिळालेत. कसला पुरस्कार, निशा? अब्बांना आजवर कुणी सत्काराचा नारळसुद्धा दिलेला नाही. राजनंदिनी म्हणाली की या पुरस्काराची बातमी कुठंच सापडत नाही, म्हणून हेही धरता येणार नाही. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. एक क्षण वाटलं, राहू दे की. पहिल्यांदाच कुणीतरी आमच्या बाजूनं खोटं बोलतंय, घेऊ दे वर्गाला खरं मानून.

मग वळले आणि सांगितलं, ती बेकरी माझ्या वडिलांची आहे.

पोरांनी फोन खाली ठेवले. आदर्श तर मान वर करेना. राजनंदिनी तेवढी उभी होती. ती अगदी हळू म्हणाली, "मग हे आधी सांगायला पाहिजे होतं, मॅडम. तुमचं बोलणं कसं घ्यायचं ते आम्हाला कळलं असतं."

उद्धटपणा नव्हता त्यात. मी म्हटलं, हो, सांगायला हवं होतं. आणि मीच त्यांना बेकरीत यायला सांगितलं.

अब्बांना हे सांगणं वर्गापेक्षा अवघड गेलं. घरात ते आपल्या हिंदीत बोलतात, पण रागावले की मराठीवर येतात, तुला माहीत आहे. "माझ्या बापानं घातलेली भट्टी, आणि आता शाळंची पोरं येऊन तपासणार व्हय?" म्हणाले. जेवले नाहीत. अम्मीनं समजूत काढायचा प्रयत्न केला, तर तिच्याशीही बोलेनात. त्यांचं चुकत नव्हतं गं. तोवर गिऱ्हाईक निम्म्यावर आलं होतं. तालमीची रोज सकाळची खारी बंद झाली होती, आणि ती का बंद झाली हे सांगायला कुणी आलं नव्हतं. ज्यांना त्यांनी लहानपणी फुकट बटर खाऊ घातले, ती माणसं आता दुकानावरून जाताना पलीकडच्या बाजूनं जात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते म्हणाले, येऊ देत.

पाच पोरं आली. अब्बांनी सगळं दाखवलं. मैदा कुठं चाळतात, कणीक कशात मळतात, ट्रे कसे धुतात. पोरं व्हिडिओ घेत होती. मागच्या दारी गटारावरची फरशी फुटलेली, तीही त्यांनी घेतली. मी दारात उभी होते, मध्ये बोलायचं नाही असं ठरवून. शेवटी राजनंदिनी पाटीकडे बघत म्हणाली, "चाचा, पाटीवर तुपातली नानकटाई लिहिलंय. आत तर डालड्याचे डबे आहेत."

आपण दोघींनी ती नानकटाई किती खाल्ली असेल, आणि ती तुपातली नाही हे आपल्यालाही ठाऊक होतंच की. पण ते असं कुणी उभं राहून विचारलं नव्हतं.

अब्बा हात फडक्याला पुसत राहिले. मग म्हणाले, "ती पाटी माझ्या वडलांनी लावलेली. तवा तूप होतं. आता त्या दरात तूप परवडत न्हाय." आणि थोड्या वेळानं, "लिही पोरी. डालडा हाय म्हणून लिही."

पोरांनी सगळं लिहिलं. व्हिडिओ इथला नाही, कणीक हातानं आणि स्वच्छ परातीत मळतात, मागची फरशी फुटलेली आहे, नानकटाई तुपातली नाही. कॉलेजच्या पानावर ते टाकलं, आदर्शनं पेठेतल्या ग्रुपांवरही पाठवलं. मी ते वाचून रात्रभर कुढले. वाटलं, फरशी आणि डालडा वगळलं असतं तर काय बिघडलं असतं. पण दुसऱ्या दिवशी अब्बांनी गवंडी बोलावून फरशी बसवून घेतली आणि रंगाऱ्याकडून 'तुपातली' हा शब्द पुसून घेतला. पाटीवर आता नुसती नानकटाई उरलीय.

सगळं गिऱ्हाईक परत आलेलं नाही. मूळ मेसेज जेवढा फिरला, त्याच्या पावपटही पोरांचं फिरलं नाही. पण काही माणसं आली. तालमीचे आकारामदादा एका सकाळी स्वतः आले आणि काही झालंच नाही अशा आवाजात खारी मागितली. अब्बांनी पुडा बांधता बांधता विचारलं, "कुठनं आलासा, पावणं?" समोरच्याच गल्लीत जन्म गेलेल्या माणसाला पावणं म्हणाले. दादांनी मान खाली घातली. पण दुसऱ्या दिवशी परत आले, आणि रोज येतात.

आता जे लिहायचं टाळत इथवर आले ते.

त्या मेसेजची शेवटची ओळ अशी होती की यांच्या दुकानातून काही घेऊ नका, आपल्या माणसांकडूनच घ्या. यांच्या म्हणजे आमच्या, निशा. आदल्या दिवशी मी तो मेसेज आपल्या एमएच्या ग्रुपवर पाहिला होता, आणि तो तू पाठवला होतास. खाली जोडलेल्या हातांचं चित्र होतं. मी बराच वेळ तुझ्या नावाकडे बघत बसले. चुकून गेला असेल, आता पुसशील, असं वाटत राहिलं. मग ग्रुप सोडला.

कदाचित तू तो न बघताच पुढे ढकलला असशील. आमच्या वर्गात मी विचारलं होतं, हा मेसेज कुणी कुणी पुढे पाठवला. जवळजवळ सगळ्यांनी हात वर केले, आदर्शनंही. मला त्यांचा राग आला नाही. तुझा आला, कारण त्या दुकानाच्या मागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यांना टेकून आपण दोघींनी एमएचा अभ्यास केलाय. तो फोटो, ती सायकल तू ओळखली नसशील, हे मला कितीदा स्वतःला सांगूनही पटत नाही.

तो तूही पाठवलास, हे अब्बांना माहीत नाही. परवाच विचारत होते, निशा बऱ्याच दिवसांत आली नाही, बरी आहे ना? मी म्हटलं, शाळेच्या कामात आहे. मी त्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

मला तुझी माफी नको. माफी मिळाली की पुढचं काही विचारता येत नाही. मला एवढंच कळायला हवं की तो पाठवताना तुला माझी आठवण झाली होती का. झाली नसेल तर तसं लिही. झाली असूनही पाठवला असशील, तर तेही लिही, कसंही असलं तरी मी ते वाचीन. फक्त फोनवर सांगू नकोस आणि कुणाकडून निरोपही पाठवू नकोस. तुझ्या हातानं लिही.

पुढच्या आठवड्यात रोजे सुरू होतील. दरवर्षी एका संध्याकाळी तू यायचीस. यंदा ये असं लिहायला हात धजत नाही आणि येऊ नकोस असंही लिहवत नाही. अम्मीनं मात्र तुझं ताट धरलेलं आहे.

'तुझीच' लिहावं की नाही, यावर बराच वेळ अडले. अजून तरी,

तुझीच,
शबनूर